पालक हातभर अंतरावर

काशी, दुर्गाघाट
ता. १२ सप्टेंबर १९३८

ती. नीलकंठदादास बकुळचा नमस्कार.

जबलपूरला जाऊन दीड महिना झाला आणि तुझं एक कार्ड आलं. त्यातलंही अर्धं तिथल्या पाण्याला नावं ठेवण्यात गेलं. असो. आज लिहिते ती लताबद्दल.

तू इथे छावणीच्या शस्त्रागारात हेडक्लार्क होतास तोवर सगळं सुरळीत चाललं होतं. दर रविवारी भाचीला एक्क्यात बसवून चांदमारीवर, छावणीच्या नेमबाजीच्या मैदानावर, न्यायचास, मुलांच्या वर्गात उभी करायचास आणि दुपारी जेवायच्या वेळेला आणून सोडायचास. पंधरा वर्षांची मुलगी पिस्तूल कशी धरते हे ह्यांनी एकदाही विचारलं नाही. मामा बरोबर आहे, एवढं त्यांना पुरत होतं. तुझी बदली झाली तेव्हा मला वाटलं, नेमबाजी मंडळातले दिनानाथबाबू आहेत, ते बघतील.

पण श्रावणातल्या एका रविवारी रेल्वेतल्या कुणा साहेबाचा मुलगा पिस्तूल हातात घेऊनच मागे वळला. बापाला निशाण दाखवायचं होतं त्याला. बाप दूर सावलीत सिगारेट ओढत बसलेला. गोळी सुटली आणि दिनानाथबाबूंच्या शेजारचा पाण्याचा मटका फुटला. माणूस वाचला ते नशीब. त्यानंतर मंडळाच्या प्रमुख मेजरसाहेबांनी नवे नियम छापले. अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे पालक उभा पाहिजे. तो मूल ज्या घरात राहतं त्याच घरचा पाहिजे, आणि त्याने नियमांची तोंडी परीक्षा दिली पाहिजे. नोव्हेंबर संपेपर्यंत ज्यांचा पालक पास नाही त्यांचं नाव डिसेंबरच्या सामन्यातून कटणार.

म्हणजे तू बाद. मी ह्यांच्याकडे विषय काढला. पितृपक्ष चालू आहे, पंचगंगा घाटावर यजमानांची रीघ लागलेली, त्यात माझी वेळही चुकली. ह्यांनी पानावरून मानही वर केली नाही. म्हणाले, “मी वेद शिकवतो. चामड्याच्या पेटीतली वस्तू हातात घेऊन गोऱ्यांपुढे परीक्षा द्यायला मी जाणार नाही. झालं तेवढं शिक्षण पुष्कळ झालं.”

लता उठली आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला बसली. ती अशी कामाला लागते तेव्हाच मला भीती वाटते. दादा, सामन्यात मुलांच्या गटात पहिलं यायचं म्हणून ही मुलगी दोन वर्षं झिजली आहे. पुढच्या वर्षी ह्यांनी स्थळं बघायला घेतली की संपलं. मार्ग सुचव. उपदेश नको.

तुझी
बकुळ


जबलपूर
ता. १९ सप्टेंबर १९३८

चि. सौ. बकुळ हिस अनेक आशीर्वाद.

उपदेश नको असं लिहून वर मार्ग विचारतेस, तेव्हा अर्धी शिक्षा मला आधीच झाली. इथल्या पाण्याबद्दल एक शब्द लिहीत नाही.

दिनानाथबाबूंना लिहून नियमांची छापील प्रत मागवून घेतली. तीनदा वाचली. मेजरसाहेबांशी माझं कधी पटलं नाही, पण हे नियम शहाण्या माणसाने लिहिलेले आहेत. मी असताना हेच असते तर मीही जास्त सावध राहिलो असतो. सोबत सगळ्यांचं मराठी करून पाठवतो. शब्द सोपे ठेवले आहेत, आणि प्रत्येकाखाली तो का केला तेही लिहिलं आहे. ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

थोडक्यात असं. पिस्तुलाची कुलूपबंद पेटी मंडळाच्या कोठीतून पालकाने आणायची, मुलाने नाही. पिस्तूल मंडळाचंच असतं, पण मुलापुढच्या मेजावर ते पालकानेच ठेवायचं. हुकूम होईपर्यंत मुलाचं बोट चापावर जाता कामा नये, आणि ते बघणं पालकाचं काम. पालक मुलाच्या डाव्या अंगाला हातभर अंतरावर उभा राहील. तिथून हलायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. काडतूस उडालं नाही तर मुलाने वळायचं नाही, नळी निशाणाकडेच ठेवून डावा हात वर करायचा. पालकाने तीस अंक मोजून मगच पिस्तूल ताब्यात घ्यायचं. आणि ‘थांबा’ हा शब्द कुणीही उच्चारला, शिपायाने उच्चारला तरी, सगळ्यांनी थांबायचं. पालक चुकला तर मूल बाद.

आता मुद्द्याचं. ह्या सगळ्या कागदात ‘पालक’ असं लिहिलं आहे. पालक पुरुषच हवा असं कुठेही लिहिलेलं नाही. लता तुझ्याच घरात राहते ना? मग तू उभी राहा.

हसू नकोस. चुलीवर उकळतं दूध आणि रांगतं पोर एकाच वेळी सांभाळलेल्या बाईला हातभर अंतराचा अर्थ मेजरने शिकवायची गरज नाही. परीक्षा हिंदीत देता येते, दिनानाथबाबू दुभाषी असतील. शिवरामपंतांची परवानगी मागू नकोस, त्यांना फक्त सांग.

तुझा
दादा


काशी
ता. ३ ऑक्टोबर १९३८

ती. दादास नमस्कार.

मी हसले नाही. दोन दिवस तुझ्यावर चिडले, आणि तिसऱ्या दिवशी तांदूळ निवडताना पहिला नियम पाठ करायला घेतला.

ह्यांना सांगितलं. ह्यांनी एवढंच विचारलं की चांदमारीवरून आल्यावर स्नान केल्याशिवाय स्वयंपाकघरात येणार नाहीस ना. नाही म्हटलं. मी ती परवानगी धरून चालले.

आता पुढची गंमत ऐक. नवरात्रात एका सकाळी मी भाजी चिरत मोठ्याने म्हणत होते, “पालकाने मेजावर पिस्तूल ठेवावे.” आत ह्यांची पूजा चालली होती. आतून आवाज आला, “काल ‘पिस्तूल मेजावर’ होतं. आज ‘मेजावर पिस्तूल’ कसं झालं?” मी म्हटलं, अर्थ तोच ना. झालं, माझी शंभरी भरली. पूजा संपवून बाहेर आले आणि म्हणाले, “अर्थ तुझ्या भावाकडे ठेव. शब्द आहे तिथे राहिला पाहिजे. म्हण.”

दादा, त्या दिवसापासून हा माणूस मला संथा देतो आहे. पाठशाळेतल्या मुलांना देतात तशीच. एकदा त्यांनी म्हणायचं, दोनदा मी. मग पदं सुटी करायची, मग जोडायची, मग उलटसुलट. “पालकाने पिस्तूल, पिस्तूल पालकाने, पालकाने पिस्तूल.” मान कुठे खाली, कुठे वर, तेही ठरवून दिलं आहे. पिस्तूल ह्या विषयाशी त्यांना अजूनही काही देणंघेणं नाही. चुकीचं पठण घरात चाललेलं त्यांना सोसत नाही, बस इतकंच. लता माजघरात तोंडात पदर कोंबून हसते. शेजारच्या विश्वेश्वरभटांनी काल विचारलं, ही कोणती शाखा म्हणायची. हे म्हणाले, “छावणीची.”

पुढच्या रविवारी परीक्षा. सगळे नियम माझ्या जिभेवर आहेत. झोपेतून उठवलंस तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणेन.

तुझी
बकुळ


काशी
ता. ११ ऑक्टोबर १९३८

ती. दादास नमस्कार.

तुझं कार्ड मिळालं. परीक्षा पुढे ढकलली आहे. काही कारण असेल मेजरसाहेबांचं. दिवाळीची घाई आहे, लांब लिहायला सवड नाही. वहिनींना नमस्कार.

बकुळ


काशी
ता. १६ ऑक्टोबर १९३८

ती. मामास साष्टांग नमस्कार.

आईने तुला काय लिहिलं ते मला ठाऊक आहे, कारण कार्ड पेटीत टाकायला मीच गेले होते. परीक्षा ढकलली वगैरे काही नाही. झाली. आई नापास झाली. तिने तुला खोटं लिहिलं म्हणून रागावू नकोस. तुला वाईट वाटेल म्हणून नाही लिहिलं तिने, तिला लाज वाटली.

मी तिथेच होते. मेजरसाहेब खुर्चीवर, दिनानाथबाबू बाजूला. पहिलाच सवाल आला, “माताजी, कारतूस न चले तो आप क्या करेंगी?” आणि आईने मान खाली घालून सुरू केलं, पहिल्या नियमापासून, मराठीत, सुरात. दिनानाथबाबू म्हणाले, “नहीं नहीं, सिर्फ वही बताइए.” आई थांबली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. मामा, तिला मधून उचलताच येत नव्हतं. सगळं तिच्याजवळ होतं, पण वाट एकच, सुरुवातीची. तिसऱ्यांदा तिने सुरू केलं तेव्हा मेजरसाहेबांनी घड्याळ बघितलं. त्यांना वाटलं, बाई काहीतरी मंत्र म्हणून वेळ काढते आहे. रेल्वेवाल्यांची मंडळी मागे हसली. मला तिथल्या तिथे जमिनीत जावंसं वाटलं, पण आईची पाठ ताठ होती म्हणून मीही ताठ उभी राहिले.

एक्क्यात ती एकच वाक्य बोलली. “तुझं नुकसान केलं मी.” तेव्हापासून नियमांचा कागद तिने फडताळात टाकून दिला आहे. मी म्हटलं, आई, अजून एक चान्स आहे, दिवाळीनंतर. ती म्हणाली, बघू. तिचं ‘बघू’ तुला माहीत आहे.

बाबांना मी सांगितलं. मला वाटलं ते म्हणतील बरं झालं. ते बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, “ती नापास झालेली नाही. मी झालो.” आणि बाहेर निघून गेले.

तू काहीतरी लिही. मी लिहिलं हे सांगू नकोस.

तुझी
लता


जबलपूर
ता. २२ ऑक्टोबर १९३८

चि. सौ. बकुळ हिस आशीर्वाद.

परीक्षा ‘पुढे ढकलल्याचं’ कळलं. मला कसं कळलं ते विचारू नकोस. दिनानाथबाबू माझे जुने स्नेही आहेत, तेव्हा त्यांच्यावर संशय घेतलास तरी चालेल.

नापास झालीस याचं मला काही वाटत नाही. खोटं लिहिलंस याचं वाटतं. लहानपणी कैऱ्या चोरायचीस तेव्हाही सरळ तोंडावर सांगायचीस.

चूक माझी आहे. मी तुला ‘का’ लिहून पाठवलं आणि वाचलंस की नाही हे विचारलं नाही. शिवरामपंतांनी शब्द पक्के केले, ते उत्तमच केलं, असे पक्के शब्द त्या मेजरचेही नसतील. पण चांदमारीवर संकट पहिल्या नियमापासून क्रमाने येत नाही. ते मधूनच उठतं. तेव्हा जीभ चालून उपयोग नाही, हात चालला पाहिजे. आता कुणाला तरी मधूनच हाक मारायला सांग, आणि उत्तर तोंडाने न देता करून दाखव. लताला समोर उभी कर, हातात लाटणं दे.

आणि एक. लतासाठी कर असं मी म्हणणार नाही. तू तिथे तीनदा पहिल्यापासून सुरू केलंस आणि पाठ वाकवली नाहीस असं ऐकलं. तशी पालक मला माझ्या स्वतःच्या मुलामागेही चालली असती.

दादा


काशी
ता. १५ नोव्हेंबर १९३८

ती. दादास नमस्कार.

दिनानाथबाबूंना मराठी येत नाही, आणि मी ताठ उभी होते हे त्यांना दिसलं असतं तरी त्यांनी ते तुला लिहिलं नसतं. तुझा बातमीदार माझ्याच घरात जेवतो. त्याला मी काही बोलले नाही.

तुझं पत्र यायच्या आधीच इथे सुरू झालं होतं. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला मी ह्यांच्या पाठीला उटणं लावत होते. एकदम म्हणाले, “काडतूस उडालं नाही.” मी बघतच राहिले. “बघतेस काय? पोरगी वळली तर? हात कुठे तुझा?” उटण्याचा हात तसाच पुढे झाला. म्हणाले, “हं. आता बोल, कितवा नियम.” आणि दादा, तो आठवा एकटा, मागचा एकही न घेता, माझ्या तोंडून बाहेर आला.

त्यानंतर ह्यांनी मला सुखाने घास गिळू दिला नाही. संध्या करताना मध्येच “थांबा” म्हणायचे, की हातातली कढई असेल तिथे थांबायची. दोनदा आमटी लागली. कार्तिकाचे आकाशदिवे बघायला पंचगंगेवर उभे होतो तर गर्दीत कानाशी येऊन म्हणाले, “डावी बाजू.” मी लताच्या डाव्या अंगाला सरकले. तुझे ‘का’ मी वाचले आणि ह्यांनाही वाचून दाखवले. मटक्याची हकीकत त्यांना तेव्हा पहिल्यांदा नीट कळली.

परवा परीक्षा झाली. मेजरसाहेबांनी उलटसुलट विचारलं. मी बोलले थोडं आणि केलं जास्त. शेवटी त्यांनी मुद्दामच एका शिपायाला मागून माझ्याशी बोलायला पाठवलं. “माताजी, आपको बाहर कोई बुला रहा है.” मी मान वळवली नाही. पास.

बकुळ


काशी
ता. २० डिसेंबर १९३८

ती. दादास नमस्कार.

तार केली होती, पण तारेत काय मावतं. आता नीट वाच, आणि वहिनींना मोठ्याने वाचून दाखव.

रविवारी उन्हं वर आली तरी धुकं हललं नव्हतं. मी आणि लता निघालो. ह्यांना म्हटलं, येताय का. म्हणाले, “पाठ तुझा आहे. मी असलो तर तू माझ्याकडे बघशील.” मला तेव्हा राग आला होता, आता येत नाही.

मुलांच्या गटात सहा जण, मुलगी एकटी आपली. रेल्वेवाल्यांचा तो मटकाफोड्याही होता, आणि खरं सांगायचं तर चांगला मारतो. त्याचा बाप आता सावलीत बसत नाही, खांबासारखा मुलामागे उभा होता. पहिल्या दोन फैरींत तो मुलगा पुढे, लता त्याच्या पाठोपाठ. तिसरी शेवटची.

तिसऱ्या फैरीत तिच्या दोन गोळ्या सुरेख गेल्या. तिसरीला चाप ओढला आणि नुसता टक् आवाज झाला. काही उडालं नाही. मी तिच्या मानेकडे बघत होते. मान वळायला लागली, दादा. एवढीशीच, पण मला दिसली. दोन वर्षं शिकलेली मुलगी, तिलाही आईकडे बघावंसं वाटलंच. मी बोलले नाही, कारण बोलायचं नाही. उजवा हात तिच्या खांद्यामागे टेकवला. मान परत सरळ झाली, तिने डावा हात वर केला, नळी निशाणावर. मी मोजायला लागले. ह्यांच्या मात्रेने, संथ.

बाजूचे सगळे मारत होते. दिनानाथबाबूंच्याने राहवेना. “माताजी, जल्दी कीजिए, टाइम जा रहा है.” मागे कुणीतरी हसलं, बाई घाबरली म्हणून. मी पाचापर्यंतही पोचले नव्हते. तेवढ्यात तेच काडतूस उडालं.

कुणालाही न लागता, कुणाकडे न वळता, ती गोळी समोर गेली. काडतूस दमट होतं, उशिरा पेटलं. ती वळली असती तर नळीपुढे मी होते. हातभर अंतरावर.

मेजरसाहेबांनी “थांबा” म्हटलं आणि सगळी चांदमारी थांबली. ते स्वतः चालत आले. विचारलं, मुलीला पुन्हा वेळ हवा का, नवं काडतूस हवं का. लताने माझ्याकडे न बघता सांगितलं, “निशाण पर लगी हो तो वही गिनिए, साहब.” लागली होती. निशाणाच्या काळ्या ठिपक्याच्या काठाला, पण आत. पदर खोचून घेतला आणि तशीच उभी राहिले, कारण अजून दोन गोळ्या बाकी होत्या.

त्या दोन गोळ्या तिने कशा मारल्या ते मी तुला सांगू शकत नाही. मी निशाणाकडे बघितलंच नाही, तिच्या बोटाकडे बघत होते. लोक ओरडले तेव्हा कळलं. दादा, आपली लता पहिली आली. मटकाफोड्या दुसरा. त्याच्या बापाने येऊन आधी माझ्यापुढे टोपी काढली, मग लताचा हात हातात घेतला.

बक्षीस देताना मुलाबरोबर पालकाचंही नाव पुकारतात, नव्या नियमाप्रमाणे. साहेबांनी लताचं पाळण्यातलं नाव पुकारलं, “मिस विद्युल्लता. पालक, मिसेस शिवराम.” टाळ्या पडल्या. चांदीचा कप लताने घेतला आणि माझ्या हातात दिला. मी तो तिथे कुणालाच परत दिला नाही, घरापर्यंत पदराखाली धरून आणला. गर्व झाला म्हण हवं तर. झालाच.

चौकात एक्का सोडला आणि गल्ल्यांतून चालत पंचगंगेवर आलो. गंगेच्या पायऱ्यांना कप लावल्याशिवाय घरात न्यायचा नव्हता. आमच्या आधी बातमी येऊन पोचली होती, कोण्या नावाड्याने आणली देव जाणे. वरच्या चौथऱ्यावर सगळी वैदिक मंडळी बसलेली, मध्ये हे. आम्ही खाली पाण्याशी, त्यांना दिसत नव्हतो. विश्वेश्वरभट मोठ्याने विचारत होते, “शिवरामभट, पोरीमागे कोण उभं होतं म्हणे? तुम्ही गेला होतात?”

दादा, लग्नाला अठरा वर्षं झाली. ह्या माणसाने मला ‘अगं’ म्हटलं, ‘ऐकलंस का’ म्हटलं, ‘लताची आई’ म्हटलं. चार लोकांत बायकोचं नाव घेणारा एकही वैदिक आपल्या घाटावर नाही, तुला ठाऊक आहे. लग्नातल्या उखाण्यानंतर माझं नाव मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

हे म्हणाले, “नाही. बकुळ उभी होती.”

विश्वेश्वरभटांनी कानामागे हात धरला. कदाचित त्यांना ऐकू गेलं नसेल. ह्यांनी पुन्हा म्हटलं, सावकाश, संथा देतात तसं, एकेक अक्षर सुटं करून. “बकुळ.”

तुझी
बकुळ